रीमंजचा आकडा आणि पाचव्या नोडचे घड्याळ

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयातील क्लस्टरवर एका विद्यार्थिनीची कामे अडकू लागली. क्लस्टर म्हणजे आठ जुने डेस्कटॉप, ज्यांना नोड म्हणतात, आणि त्यांच्यावर देखरेख करणारे एक नियंत्रक यंत्र, सगळे एकाच स्विचला जोडलेले आणि कामांची वाटणी करणाऱ्या स्लर्म या प्रणालीच्या ताब्यात दिलेले. ही विद्यार्थिनी रावेर आणि यावल तालुक्यांतील केळीबागांमध्ये गेल्या पावसाळ्यात काढलेल्या पानांच्या छायाचित्रांवरून करपा रोगाचे ठिपके मोजते. छायाचित्रे सुमारे ४,०००, एका छायाचित्राला साधारण ६ सेकंद, आणि प्रत्येक डेस्कटॉपला ४ कोर म्हणजे एका वेळी ३२ कामे. या हिशेबाने सगळे काम बारा-तेरा मिनिटांत हातावेगळे व्हायला हवे होते. प्रत्यक्षात अर्ध्या तासानंतरही काही कामे ‘चालू’ म्हणून दिसत राहत, आणि नियंत्रकाच्या लॉगमध्ये मंजने, म्हणजे यंत्रायंत्रांत वापरकर्त्याची ओळख पटवणाऱ्या प्रोग्रॅमने, क्रेडेन्शियल (ओळखीचा मुदतबंद पुरावा) उलगडण्यास नकार दिल्याच्या ओळी दिसत. कारण दिलेले असे: क्रेडेन्शियलची मुदत संपली.

विभागाच्या बैठकीत एका सहकाऱ्यांनी मत मांडले की हजारो छोटी कामे एकदम आली की मंजला ती पेलवत नाहीत, क्रेडेन्शियल रांगेत पडून शिळी होतात, म्हणून मंज काढून दुसरी सोय पाहावी. तर्क वरवर पाहता अगदी बरोबर होता. एरवी, थोडी कामे असताना, काहीच अडत नव्हते. गर्दी झाली की अडत होते, आणि नकाराचे कारणही मुदतीचेच होते. दुसरी सोयही अस्तित्वात आहे, कारण स्लर्मच्या २३.११ या आवृत्तीपासून त्याची स्वतःची प्रमाणीकरणाची पद्धत मिळते. परंतु त्यासाठी संपूर्ण क्लस्टर नव्या आवृत्तीवर न्यावा लागला असता, तेही परीक्षा आणि प्रकल्पांच्या ऐन दिवसांत. मंज खरोखर किती क्रेडेन्शियल पेलते हे मोजल्याशिवाय त्याच्यावर दोष ठेवू नये, असे मला मनापासून वाटले, आणि मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

ज्यांनी मंज पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी त्याचे काम सांगतो. ‘मंज यूआयडी एन जीआयडी एम्पोरियम’ असे त्याचे पूर्ण नाव असून ते अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत मोठ्या क्लस्टरसाठी तयार झाले. एका यंत्रावरील प्रक्रियेला दुसऱ्या यंत्राला ‘मी अमुक वापरकर्ता आहे’ हे पटवून द्यायचे असते, तेव्हा ती आपल्याच यंत्रावरील मंजडी या डीमनकडे, म्हणजे पडद्यामागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे, जाते. डीमन तिला नाव विचारत नाही. ज्या युनिक्स सॉकेटवरून (एकाच यंत्रावरील प्रोग्रॅममधल्या जोडणीवरून) विनंती आली त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे तो थेट कर्नेलला विचारतो, त्यामुळे खोटा यूआयडी, म्हणजे वापरकर्त्याचा क्रमांक, सांगण्याची सोयच राहत नाही. मग यूआयडी, जीआयडी (गटाचा क्रमांक), वेळ आणि सोबत पाठवायचा मजकूर यांची मोट बांधून, सगळ्या यंत्रांवर सारख्याच असलेल्या गुप्त किल्लीने ती कुलूपबंद करून तो परत देतो. तेच क्रेडेन्शियल. दुसऱ्या यंत्रावरचा मंजडी त्याच किल्लीने ते उलगडतो, मुदत पाहतो, आणि हे क्रेडेन्शियल आपल्याकडे आधी कधी उलगडले गेले होते का हेही पाहतो. मुदत, वेगळे काही सांगितले नसेल तर, ३०० सेकंदांची असते.

आपल्याकडे कापसाच्या हंगामात जिनिंगच्या फाटकावर जे चालते त्याच्याशी हे पुष्कळ जुळते. गाडी काट्यावर चढते, काटेवाला वजन आणि वेळ लिहून शिक्क्याची पावती देतो, आणि आत माल उतरवून घेणारा माणूस शिक्का ओळखून, वेळ पाहून, पावतीवर रेघ मारून गाडी सोडतो. गाडीवाल्याच्या तोंडच्या वजनाला किंमत नसते. काट्याच्या शिक्क्याला असते. एकच पावती दोनदा चालत नाही. मंजच्या बाबतीत शिक्का म्हणजे किल्ली, रेघ म्हणजे पुनर्वापराची नोंद, आणि पावतीवरची वेळ म्हणजे मुदतीचा आधार. या तिसऱ्या गोष्टीकडे आमच्यापैकी कोणीच नीट पाहिले नव्हते.

मोजमापासाठी वेगळे काही बनवावे लागत नाही. मंजसोबतच रीमंज नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो आणि त्याचे काम एकच आहे: टर्मिनलवरून सांगितलेल्या संख्येइतके थ्रेड, म्हणजे एकाच वेळी समांतर चालणारे कामाचे धागे, उघडायचे, स्थानिक मंजडीकडून एकामागून एक क्रेडेन्शियल बनवून घेत राहायचे, आणि ठरवलेला वेळ किंवा ठरवलेली संख्या, यांपैकी जे आधी संपेल तिथे थांबून, किती क्रेडेन्शियल किती सेकंदांत झाली आणि दर सेकंदाला किती पडली हे छापायचे. कॅपिटल डी या पर्यायाने वेळ ठरते, कॅपिटल एनने संख्या आणि कॅपिटल टीने थ्रेड. काहीच न सांगता चालवले तर तो एका थ्रेडवर अगदी थोडा वेळ धावतो आणि आकडा देतो. तो पहिला आकडा मी वहीत लिहून घेतला खरा, पण त्यावर काहीही ठरवले नाही, कारण इतक्या छोट्या धावेत यंत्रावरची दुसरी एखादी हालचालसुद्धा आकडा हलवून टाकते. पुढची प्रत्येक धाव मी ३० सेकंदांची ठेवली, प्रत्येक मांडणी पाच वेळा चालवली आणि मधला आकडा धरला.

येथे एक चूक सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ती सहज होते आणि तिची सूचना कोठेही मिळत नाही. रीमंजमध्ये लहान आणि मोठ्या लिपीतील अक्षरांचे अर्थ पूर्णपणे वेगळे आहेत. कॅपिटल टी म्हणजे थ्रेडची संख्या आणि स्मॉल टी म्हणजे क्रेडेन्शियलची मुदत. कॅपिटल डी म्हणजे चाचणीचा कालावधी आणि स्मॉल डी म्हणजे बनवलेले क्रेडेन्शियल उलगडूनही पाहणे. चार थ्रेडची चाचणी घेताना मी स्मॉल टी लिहून पुढे ४ घातले. प्रोग्रॅमने कोणतीही तक्रार केली नाही. त्याने चार सेकंद मुदतीची क्रेडेन्शियल एकाच थ्रेडवर मुकाट्याने बनवली आणि एका थ्रेडचाच आकडा पुन्हा छापला. मी मात्र वहीत ‘चार थ्रेड: काही फरक नाही’ असे लिहिले आणि तासभर त्या नोंदीवर विचार करत बसलो. पुढच्या धावेत पडद्यावरची पहिली ओळ नीट वाचली तेव्हा तिथे ‘एक थ्रेड सुरू करत आहे’ अशा अर्थाचे वाक्य स्पष्ट दिसले. तेव्हापासून मी शेवटच्या आकड्याइतकीच ती पहिली ओळही वहीत उतरवून घेतो.

कॅपिटल टी वापरल्यावर चित्र बदलले. एकावरून दोन थ्रेड केल्यावर दर सेकंदाचा आकडा स्पष्टपणे वाढला, पण दोनावरून चार आणि चारावरून आठ करताना जवळजवळ जागचा हलला नाही. याचे कारण रीमंजमध्ये नसून मंजडीमध्ये आहे. काही सांगितले नाही तर मंजडी स्वतः दोनच कामकरी थ्रेड घेऊन बसतो. बाहेर आठ जण उभे केले तरी आत खिडक्या दोनच. स्लर्मच्या, मोठ्या प्रमाणावर छोटी कामे चालवण्यासंबंधीच्या मार्गदर्शिकेत मंजडी १० थ्रेडसह सुरू करावा अशी स्पष्ट शिफारस आहे आणि तिचे मर्म या चाचणीत डोळ्यांसमोर दिसते. डेबियन वर्गातील यंत्रांवर हा पर्याय मंजच्या डिफॉल्ट फाइलमध्ये लिहून सेवा पुन्हा सुरू केली की झाले. आमच्या नियंत्रकाला कोर चारच असल्यामुळे दहा खिडक्यांचा दहापट लाभ अर्थातच झाला नाही, पण वाढ मिळाली आणि ती टिकून राहिली. हा बदल मी ठेवून दिला. मूळ दुखणे त्याने गेले नाही, हे त्याच संध्याकाळी पुन्हा अडकलेल्या कामांनी दाखवून दिले.

स्मॉल डीचा पर्याय वापरून, म्हणजे बनवणे आणि उलगडणे दोन्ही करवून घेतलेली चाचणी, मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण नियंत्रकावर खरे काम उलगडण्याचेच जास्त असते. सगळ्या नोडचे निरोप त्याच्याकडेच येतात. या चाचणीत आकडा जवळपास निम्म्यावर येतो. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण एका क्रेडेन्शियलमागे आता डीमनकडे दोन फेऱ्या होत असतात. मात्र एका अहवालात फक्त बनवण्याचा आकडा आणि दुसऱ्यात दोन्हींचा आकडा घेऊन यंत्रांची तुलना केली तर ती तुलना खोटी ठरते, आणि अशा तुलना मी पाहिल्या आहेत.

उलगडण्याच्या दीर्घ चाचणीत आणखी एक गोष्ट घडते, जी शेजारच्या खिडकीत टॉप हा मेमरी आणि प्रोसेसरचा वापर दाखवणारा प्रोग्रॅम उघडून ठेवल्याशिवाय कळत नाही. मंजडीने व्यापलेली मेमरी सावकाश वाढत जाते. मी दहा मिनिटांची धाव लावली होती. पहिली काही मिनिटे तो आकडा चढतच राहिला आणि मेमरी गळते आहे की काय अशी शंका आली. गळती नव्हती. उलगडलेले प्रत्येक क्रेडेन्शियल दुसऱ्यांदा चालू नये म्हणून डीमनला त्याची नोंद मुदत संपेपर्यंत जवळ ठेवावी लागते, आणि मुदत ३०० सेकंदांची म्हणजे पाच मिनिटांचा सगळा व्यवहार त्याच्या डोक्यात एकाच वेळी असतो. पाच मिनिटे उलटल्यावर जुन्या नोंदी निघू लागल्या, नव्या त्यांची जागा घेऊ लागल्या आणि चढण थांबली. कमी मेमरीच्या यंत्रावर तासभराची अशी चाचणी लावण्याआधी हे माहीत असलेले बरे.

सायफर, म्हणजे क्रेडेन्शियल कुलूपबंद करण्याची पद्धत, बदलून काय होते तेही पाहिले. आमच्या आवृत्तीत सायफर एईएस-१२८ आणि प्रमाणीकरणाचा हॅश एसएचए-२५६ असे ठरलेले आहेत. कॅपिटल सी आणि कॅपिटल एम हे पर्याय उपलब्ध प्रकारांची यादी देतात. सायफर पूर्ण काढून टाकूनही, रिकाम्या मजकुरासह, फरक नजरेत भरण्याइतका नव्हता. मजकूर काही किलोबाइटचा केल्यावर तो दिसू लागतो. स्लर्मची क्रेडेन्शियल लहानच असतात, तेव्हा त्यांचा बहुतेक वेळ सॉकेट जोडणे, विनंती पोहोचवणे आणि उत्तर आणणे यांतच जातो. वेगासाठी सायफर हलका करण्याचा विचार यानंतर मी सोडून दिला, आणि इतरांनीही सोडावा असे माझे मत आहे.

आता आमच्या भागातील मे महिन्याबद्दल. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात या दिवसांत पारा ४४-४५ अंशांच्या आसपास जातो, आणि आमच्या प्रयोगशाळेतील वातानुकूलन यंत्र दुपारच्या कमी दाबावर चालत नाही. पहिल्या दिवशी दुपारी तीन वाजता घेतलेले आकडे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता घेतलेले आकडे जुळेनात. मांडणी तीच, डीमन तोच, पर्याय तेच. आमचे प्रयोगशाळा सहायक पारोळ्याकडचे आहेत, त्यांनी नियंत्रकाच्या पेटीवर तळहात टेकवला आणि म्हणाले, “सर, हात लाई देखा, कितलं तपेल शे!” त्यांचे निदान बरोबर होते. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग खाली आणतो आणि रीमंजचा आकडा त्याच्यासोबत खाली येतो. त्याशिवाय वीज वाचवण्याच्या मांडणीवर ठेवलेला प्रोसेसर चाचणीच्या सुरुवातीला संथ असतो आणि मग वेग घेतो, त्यामुळे छोट्या धावा आणखी फसवतात. तेव्हापासून माझ्या नोंदवहीत प्रत्येक आकड्याशेजारी वेळ, खोलीचे तापमान आणि प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी असे तीन रकाने आहेत. सकाळ आणि दुपारच्या आकड्यांतला फरक स्पष्ट होता, पण कामे अडकण्याचे कारण ठरेल इतका मोठा मुळीच नव्हता.

ज्यांच्या क्लस्टरवर दुसऱ्यांची कामे सुरू असतात त्यांनी ही चाचणी चालू डीमनवर भर दिवसा लावू नये. रीमंज डीमनला श्वास घेऊ देत नाही, आणि त्याच डीमनच्या भरवशावर विद्यार्थ्यांची कामे उभी असतात. मी सकाळच्या चाचण्या क्लस्टर रिकामा असताना घेतल्या, आणि दुपारच्या चाचण्यांसाठी वेगळ्या सॉकेटवर, वेगळ्या किल्लीने दुसरा मंजडी उभा केला. रीमंजला कॅपिटल एस पर्यायाने त्या सॉकेटचा पत्ता देता येतो.

दोन दिवसांच्या शेवटी माझ्या हातात काय होते ते सांगतो. नेमके आकडे येथे मुद्दाम छापत नाही. ते आमच्या दहा वर्षे जुन्या यंत्राचे आहेत आणि दुसऱ्या कोणी ते प्रमाण मानले तर त्याची दिशाभूल होईल. मागणी मात्र कोणालाही मोजता येते. ३२ कामे एका वेळी, प्रत्येक ६ सेकंदांचे, म्हणजे दर सेकंदाला पाचापेक्षा किंचित जास्त कामे संपतात आणि तितकीच नवी सुरू होतात. एका कामामागे निरोपांच्या सगळ्या जा-ये मिळून सढळ हाताने २० क्रेडेन्शियल धरली तरी दर सेकंदाची गरज सव्वाशेच्या आतच राहते. रीमंजचा सर्वांत वाईट आकडा, म्हणजे ऐन दुपारचा, उलगडण्यासह आणि जुन्या दोन थ्रेडवरचा, या गरजेच्या कितीतरी पट होता. शिवाय रीमंजमध्ये अशी सोय आहे की कोणत्याही एका क्रेडेन्शियलला ठरावीक सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर तो इशारा छापतो. कॅपिटल डब्ल्यूने ती मर्यादा मी एका सेकंदावर आणली होती, आणि दोन दिवसांत एकही इशारा आला नाही. मंजच्या रांगेत क्रेडेन्शियल शिळी होत होती, हे म्हणणे टिकण्यासारखे राहिले नाही.

तरीही लॉग खोटे बोलत नव्हता. मुदत संपत होती हे खरेच होते. म्हणून मी रीमंज काय काय मोजत नाही हे कागदावर लिहून काढले, आणि खरे तर हे मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते. रीमंज ज्या यंत्रावर चालतो त्याच यंत्राच्या डीमनकडून क्रेडेन्शियल बनवून घेतो आणि त्याच डीमनकडून उलगडून घेतो. मधले नेटवर्क त्याला दिसत नाही. दोन यंत्रांवरच्या किल्ल्या वेगळ्या असल्या तरी त्याला कळत नाही. आणि दोन यंत्रांची घड्याळे वेगळी असली तरी त्याला त्याचा पत्ता लागणे शक्य नाही, कारण त्याच्या दृष्टीने पावती लिहिणाऱ्याचे आणि तपासणाऱ्याचे घड्याळ एकच असते. त्याच वेळी मनात आले की अडकलेली कामे नेमक्या कोणत्या नोडवरची आहेत हे आम्ही कोणीच पाहिलेले नाही. पाहिले तेव्हा एकूण एक काम पाचव्या नोडवरचे निघाले.

यंत्रायंत्रांमधली चाचणी रीमंजपेक्षाही साधी आहे. पाचव्या नोडवर मंज कमांडने रिकाम्या मजकुराचे एक क्रेडेन्शियल बनवायचे, ते पाइपने एसएसएचमार्गे नियंत्रकाकडे द्यायचे आणि तिथे अनमंजने उलगडायचे. सगळे एकाच ओळीत. अनमंज पडद्यावर सगळा तपशील मांडतो: स्थिती, बनवणाऱ्या यंत्राचे नाव, बनवल्याची वेळ, उलगडल्याची वेळ, मुदत, सायफर, यूआयडी, जीआयडी. स्थितीसमोर ‘यशस्वी’ होते. क्षणभर मी निराश झालो. मग खालच्या दोन वेळा वाचल्या. बनवल्याची वेळ आणि उलगडल्याची वेळ यांत ४ मिनिटे ५६ सेकंदांचे अंतर होते, आणि कमांड तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपली होती.

म्हणजे पाचव्या नोडचे घड्याळ नियंत्रकाच्या २९६ सेकंद मागे होते. त्याने आत्ता लिहिलेली पावती नियंत्रकाच्या हातात पडताक्षणीच २९६ सेकंद जुनी असे, आणि ३०० सेकंदांच्या मुदतीतले अवघे ४ सेकंद तिच्या वाट्याला उरत. क्लस्टर मोकळा असला की निरोप ४ सेकंदांच्या आत पोहोचून वाचला जाई आणि सगळे सुरळीत दिसे. शेकडो कामे एकामागून एक संपू लागली की स्लर्मचा नियंत्रक-डीमन आपल्या कामांत गुंतलेला असे, निरोप दाराशी पाच-सहा सेकंद थांबे, आणि मग मंज त्याला मुदतबाह्य ठरवी. मंजने त्याचे काम नियमाप्रमाणे आणि वेगाने केले होते. गर्दी आणि नकार यांची जोडी आम्ही पाहिली, पण त्यांना जोडणारा दुवा पाहिला नाही. उलट दिशेने अडचण येत नव्हती याचेही कारण आहे: नियंत्रकाचे क्रेडेन्शियल पाचव्या नोडला भविष्यातले दिसे, परंतु घड्याळांतला मुदतीइतका फरक मंज चालवून घेते. तो फरक ३०० सेकंदांच्या पलीकडे गेला असता तर वेळ मागे गेल्याची वेगळी चूक दिसली असती, आणि त्याच दिवशी दुसऱ्या बाजूची सर्व क्रेडेन्शियलही एकजात मुदतबाह्य ठरली असती. दिवसाला पाचएक सेकंदांनी मागे पडणारे ते घड्याळ त्या अवस्थेला पोहोचायला एखादाच दिवस उरला होता.

स्लर्मच्या लॉगमध्ये, मुदत संपल्याच्या ओळीच्या लगतच, क्रेडेन्शियल कधी बनले आणि कधी उलगडले या दोन वेळा लिहिलेल्या असतात. मी शोध लावून फक्त नकाराच्या ओळी गाळून घेत होतो, त्यामुळे शेजारच्या ओळी माझ्या पडद्यावर कधी आल्याच नाहीत. हे मी येथे नोंदवून ठेवतो, कारण असाच शोध लावणारे आणखी कोणी हे वाचत असेल.

पाचव्या नोडची हार्ड डिस्क मार्चच्या मध्यावर बदलली होती आणि त्यावर नव्याने सिस्टीम घातली होती. मंजची किल्ली काळजीपूर्वक आणून ठेवली गेली, तिची मालकी आणि परवानग्या तपासल्या गेल्या. वेळ जुळवण्याची मांडणी मात्र जशीच्या तशी राहिली, आणि ती बाहेरच्या वेळ-सर्व्हरांकडे विचारणा करत होती, जी आमच्या फायरवॉलमधून बाहेर जाऊच शकत नाही. बाकीचे सात नोड क्रोनी या घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमद्वारे नियंत्रकाकडून वेळ घेतात आणि फक्त नियंत्रकाला बाहेर विचारण्याची परवानगी आहे. पाचवा नोड दोन महिने आपल्या घड्याळातील स्फटिकाच्या भरवशावर चालत राहिला.

दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. पाचव्या नोडवर क्रोनी बसवून त्याला नियंत्रकाकडे वळवले, वेळ एका उडीत जुळवून घेतली, आणि यंत्राच्या मदरबोर्डवरचा जुना सेलही बदलला, कारण वीज गेल्यावर त्याचा भरवसा उरला नव्हता. पुन्हा तीच एका ओळीची चाचणी घेतली तेव्हा दोन्ही वेळा सेकंदापर्यंत जुळल्या. त्या रात्री विद्यार्थिनीने ४,००० छायाचित्रे पुन्हा लावली. नियंत्रकाच्या लॉगमध्ये नकाराची एकही ओळ आली नाही आणि सगळे काम पंधरा मिनिटांच्या आत संपले. बैठकीत ज्या सहकाऱ्यांनी मंज काढण्याचे सुचवले होते त्यांना मी दोन्ही वेळांचा तो पडदा दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि उरलेल्या सातही नोडची हीच चाचणी आत्ताच घ्या म्हणून सांगितले. आम्ही दोघांनी बसून ती घेतली. सात नोड ठीक होते.

आता रोज सकाळी सहा वाजता नियंत्रकावरची एक छोटी स्क्रिप्ट आठही नोडवरून प्रत्येकी एक क्रेडेन्शियल मागवते, अनमंजच्या उत्तरातील दोन वेळांची वजाबाकी करते आणि फरक दोन सेकंदांपेक्षा जास्त निघाला तर मला मेल पाठवते. रीमंजची धाव महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, क्लस्टर रिकामा असताना होते. जूनच्या धावेचा आकडा मेमधल्या सकाळच्या आकड्याला लागून आला आहे. पहिल्या पावसानंतर खोली ३१ अंशांवर होती.